साक्षरता दर म्हणजे जुन्या शाळांचा निकाल

१९५० च्या सुमारास जगात साधारण ७० कोटी प्रौढ निरक्षर होते. २०२४ साली तो आकडा ७४ कोटींच्या आसपास होता. मधल्या पाऊणशे वर्षांत देशोदेशी शाळा उभ्या राहिल्या, सक्तीच्या शिक्षणाचे कायदे झाले, रात्रीचे वर्ग चालले, आणि निरक्षर लोक उलट चार कोटींनी वाढले! एवढंच वाचलं तर सगळा खटाटोप पाण्यात गेला असं वाटेल.

आता हेच टक्क्यांत बघू. १९५० मध्ये दर १०० प्रौढांमागे ४४ जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आज ते १२ च्या आसपास आहेत. दोन्ही आकडे युनेस्कोचे आणि दोन्ही खरे. फरक पडला तो लोकसंख्येमुळे. जगातले प्रौढ या काळात १६० कोटींवरून ६०० कोटींच्या पुढे गेले. म्हणजे आधीच्या निरक्षरांना शिकवून भागणार नव्हतं. जन्माला येणाऱ्या प्रत्येक नव्या पिढीला पहिल्यापासून शिकवावं लागणार होतं. ते बऱ्याच अंशी झालं, म्हणून टक्का घसरला. पूर्णपणे झालं नाही, म्हणून संख्या हटली नाही. शिक्षणावरच्या बातमीत यातला एकच आकडा दिसला, तर दुसरा कुठे आहे हे आधी विचारावं. ज्याला जे सिद्ध करायचंय त्याप्रमाणे तो आकडा निवडतो.

साक्षरता आणि प्राथमिक शाळेतली पटनोंदणी हे दोन शब्द नेहमी जोडीने येतात, त्यामुळे दोन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलतात असं वाटतं. खरं तर ते दोन वेगळ्या काळांबद्दल बोलतात. प्रौढ साक्षरतेचा दर काढताना १५ वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना धरतात, अगदी नव्वदीतल्या आजींनाही. त्या आजींच्या लहानपणी शाळा होती की नाही, असली तर मुलींना पाठवत होते की नाही, हे सगळं आजच्या दरात मिसळलेलं असतं. एखाद्या देशाने आज प्रत्येक मुलाला शाळेत आणून नीट वाचायला शिकवलं, तरी त्या देशाच्या प्रौढ साक्षरतेत पुढची सात-आठ वर्षं फारसा फरक दिसणार नाही, आणि पूर्ण परिणाम दिसायला दोन पिढ्या जातील. उलटही खरं: आज शाळा कोलमडल्या तरी साक्षरतेचा दर बराच काळ ठणठणीत दिसत राहील. पटनोंदणी मात्र आजची असते; यंदा किती मुलांची नावं हजेरीपटावर चढली, एवढंच ती सांगते.

म्हणून जाणकार लोक प्रौढ साक्षरतेऐवजी १५ ते २४ वयोगटाच्या साक्षरतेकडे बघतात. नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्यांचा हा गट, त्यामुळे निकाल त्यातल्या त्यात ताजा. जगभरात तो आता ९० टक्क्यांच्या वर आहे.

पण ‘साक्षर’ ठरवतं कोण? युनेस्कोने १९५८ साली व्याख्या केली: रोजच्या जगण्याविषयीचं छोटं, साधं विधान समजून वाचता आणि लिहिता आलं पाहिजे. कागदावर व्याख्या चोख आहे. घरोघर जाऊन ती तपासायची कशी हा खरा प्रश्न. जनगणनेत बहुतेक ठिकाणी सोपा मार्ग काढतात. प्रगणक दारात उभा राहतो, घरातला एक जण सगळ्यांची माहिती सांगतो, आणि ‘लिहिता-वाचता येतं का?’ याला तोच सगळ्यांच्या वतीने हो किंवा नाही म्हणतो. कुणी कुणाची परीक्षा घेत नाही. चार माणसांत आपल्या माणसाला अडाणी म्हणायला कोण तयार होईल?

लोकसंख्या आणि आरोग्याविषयीची जी मोठी घरोघरची सर्वेक्षणं अनेक देशांत होतात, त्यांत मात्र एक छोटीशी कसोटी असते. विचारणारा एक कार्ड समोर धरतो. त्यावर त्या माणसाच्या भाषेत एकच वाक्य असतं, ‘शेती हे कष्टाचं काम आहे’ किंवा ‘मूल पुस्तक वाचत आहे’ अशा धाटणीचं. समोरच्याला अख्खं वाक्य वाचता आलं, काहीच भाग वाचता आला, की अजिबात नाही, याची नोंद होते. अख्खं वाचणारा साक्षर, आणि अर्धंमुर्धं वाचणाराही साक्षर. जास्त शिकलेल्यांपुढे तर कार्ड धरतच नाहीत. शिकलाय म्हणजे येत असणार, असं गृहीत धरतात. जगाच्या साक्षरतेच्या तक्त्यांमध्ये जे दशांश चिन्हापर्यंतचे आकडे दिसतात, त्यांच्या मुळाशी असं काहीतरी असतं. आकडे खोटे नाहीत, पण दशांश चिन्हावर फार विसंबू नये.

इतिहासात मागे गेलं की मोजणी आणखी मजेशीर होते. इंग्लंडमध्ये १७५४ पासून लग्नाच्या नोंदवहीत वधू-वरांनी सही करायचा नियम आला. ज्यांना सही येत नव्हती ते फुली मारत. इतिहासकारांनी नंतर या सह्या आणि फुल्या मोजल्या. १८४० च्या सुमारास साधारण दोन तृतीयांश नवरदेव आणि निम्म्या नवऱ्या सही करत होत्या. एकोणिसावं शतक संपताना फुल्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या. त्या काळी वाचायला आधी आणि लिहायला नंतर शिकवत असल्यामुळे फुली मारणाऱ्या बऱ्याच जणांना वाचता येत असणार, हेही लक्षात ठेवायला हवं.

स्वीडनमध्ये हे जास्त उघड दिसतं. तिथल्या १६८६ च्या चर्च कायद्याने प्रत्येकाला धर्मग्रंथ वाचता आला पाहिजे असा दंडक घातला. शाळा फारशा नव्हत्याच, शिकवायची जबाबदारी घरच्या कर्त्यावर. पाद्री घरोघर फिरून, नोकरचाकरांसकट सगळ्यांना वाचायला लावून, कोण कितपत वाचतो हे वहीत टिपून ठेवत. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ सगळे वाचू लागले होते, बायकाही. लिहिणं मात्र बहुतेकांना येत नव्हतं, कारण ते कुणी मागितलंच नव्हतं. राज्यकर्त्यांना किंवा धर्माला लोकांकडून जेवढं हवं होतं तेवढंच शिक्षण पसरलं, असं बऱ्याच देशांच्या बाबतीत म्हणता येईल.

शाळा सरकारने चालवायची, तिथे जाणं सक्तीचं करायचं आणि पैसे घ्यायचे नाहीत, या तीन गोष्टी एकत्र यायला वेळ लागला. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याने १७६३ साली सक्तीचा हुकूम काढला. जपानने १८७२ मध्ये देशभर शाळांची चौकट उभी केली, तर फ्रान्समध्ये १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या २६ व्या कलमाने प्राथमिक शिक्षण हा सगळ्या जगासाठीच हक्क ठरवला. त्यानंतर वसाहतींमधून सुटलेल्या देशांनी जे केलं, त्याला तोड नाही. युरोपला ज्याला शंभर-दीडशे वर्षं लागली, ते अनेक देशांनी तीस-चाळीस वर्षांत गाठलं. इंडोनेशियाने तेलातून आलेल्या पैशांवर १९७३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डफ्लो यांनी बऱ्याच वर्षांनी याचा अभ्यास केला, तेव्हा जिथे जास्त शाळा बांधल्या तिथली मुलं जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांनी जास्त कमावलं, असं दिसलं. शाळा जवळ आली की मुलं येतात, हे सांगायला अभ्यास कशाला हवा, असं कुणी म्हणेल. पण किती येतात आणि पुढे त्याचं काय होतं, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

प्रौढांना शिकवायच्या मोहिमांचा इतिहास मात्र चढउताराचा आहे. सर्वांत गाजलेली मोहीम क्युबाची, १९६१ ची. एक लाखाहून जास्त मुलं-मुली खेडोपाडी जाऊन राहिली आणि सरकारी आकड्यांनुसार वर्षभरात सात लाख लोक लिहायला-वाचायला शिकले. शेवटची परीक्षा म्हणजे फिडेल कॅस्ट्रोंना पत्र लिहायचं. ती पत्रं अजून जपून ठेवली आहेत. असा धडाका फार थोड्या ठिकाणी जमला. बाकी जगात साक्षरता वाढली ती मुख्यतः पोरांना शाळेत घालून. निरक्षर म्हातारे शिकले म्हणून दर वाढला असं क्वचितच झालं. शिकलेली पोरं मोठी होऊन प्रौढांच्या मोजणीत आली, म्हणून तो वाढला.

पटनोंदणीचे दोन दर असतात, आणि त्यांची गल्लत झाली की भले भले फसतात. ‘ढोबळ’ दरात प्राथमिक शाळेतली सगळी मुलं मोजतात, वय काहीही असो, आणि त्यांना प्राथमिकच्या अधिकृत वयातल्या मुलांच्या संख्येने भागतात. ‘निव्वळ’ दरात फक्त त्या वयाचीच मुलं धरतात. त्यामुळे ढोबळ दर १०० च्या वर जाऊ शकतो. वाचणाऱ्याला वाटतं, ही भलतीच प्रगती! प्रत्यक्षात नापास होऊन त्याच वर्गात बसलेले, उशिरा शाळेत आलेले, मध्येच सोडून परत आलेले असे सगळे त्यात असतात.

याचं सर्वांत गोड उदाहरण केनियातलं आहे. केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द केली. एका वर्षात पट ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेला. दुसऱ्या वर्षी, जानेवारी २००४ मध्ये, एल्डोरेटजवळच्या एका प्राथमिक शाळेत किमानी मारुगे नावाचे गृहस्थ पहिलीत नाव घालायला आले. वय ८४. गणवेश घातला, हाफ पँटसकट, आणि लहान मुलांच्या वर्गात बसले. शिक्षण सगळ्यांना मोफत आहे ना, मग मला का नाही, हा त्यांचा सवाल होता, आणि तो बिनतोड होता. प्राथमिक शाळेत दाखल झालेली सर्वांत वयस्क व्यक्ती म्हणून गिनीजने त्यांची नोंद केली. केनियाच्या ढोबळ दरात मारुगे आजोबा मोजले जाणार. निव्वळ दरात नाहीत. दोन दरांतला फरक समजून घ्यायचा तर एवढं पुरे.

फी काढून टाकली की काय होतं, हे आफ्रिकेत पुन्हा पुन्हा दिसलं. मलावीने १९९४ मध्ये ती काढली, पट १९ लाखांवरून जवळपास ३० लाखांवर गेला. युगांडात १९९७ मध्ये ३० लाखांच्या आसपासचा पट ५० लाखांच्या पुढे गेला. म्हणजे आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नव्हती असं नाही. शिक्षणाची किंमत परवडत नव्हती. इतकी वर्षं ‘अडाणी पालक पोरांना पाठवत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांना हे आकडे दाखवावेत. पण मुलं एका रात्रीत वाढतात, शिक्षक तसे वाढत नाहीत. मलावीत पहिलीच्या एकेका वर्गात शंभरावर मुलं बसली, आणि शेकडो शाळांचे वर्ग झाडाखाली भरले.

पैशांच्या बाबतीत दुसरा उपाय मेक्सिकोने १९९७ पासून राबवला. गरीब घरातल्या आईच्या हातात रोख रक्कम द्यायची, अट अशी की मुलांची हजेरी ८५ टक्के भरली पाहिजे. माध्यमिकच्या वर्गांत मुलींना मुलांपेक्षा जास्त रक्कम, कारण मुलींची गळती तिथे जास्त होती. तिथे प्राथमिकची बहुतेक मुलं आधीपासूनच शाळेत होती, त्यामुळे मोठा फरक पडला तो सहावीनंतरच्या वर्गांत. त्यानंतर कितीतरी देशांनी ही पद्धत उचलली. दुपारचं जेवण, मोफत पुस्तकं, मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं यांचाही आपापला वाटा आहे.

जगाच्या पातळीवर १९९० मध्ये थायलंडमधल्या जोमतिएन इथे ‘सर्वांसाठी शिक्षण’ ही घोषणा झाली. २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांनी २०१५ पर्यंत प्रत्येक मूल प्राथमिक शिक्षण पूर्ण करेल असं ठरवलं. ते पूर्ण झालं नाही, पण फुकटही गेलं नाही. विकसनशील देशांतला निव्वळ दर ८३ वरून ९१ टक्क्यांवर गेला आणि प्राथमिकच्या वयातली शाळाबाह्य मुलं १० कोटींवरून ५.७ कोटींपर्यंत उतरली. घट मुख्यतः पहिल्या सात-आठ वर्षांतली आहे. २००८ नंतर आकडा जवळपास जागच्या जागी थिजला. जी मुलं शाळेत आणणं सोपं होतं ती आली होती. राहिली ती युद्धाच्या प्रदेशातली, भटक्या कुटुंबांतली, अपंग, अतिदुर्गम भागातली, कामाला जुंपलेली. त्यांना नुसती फी माफ करून भागत नाही.

२०२५ मध्ये युनेस्कोने दिलेला अंदाज जास्त आहे: प्राथमिक ते उच्च माध्यमिक मिळून शाळेबाहेर २७ कोटींवर मुलं, त्यातली सुमारे ७.८ कोटी प्राथमिकच्या वयाची. मोजायची पद्धत आणि लोकसंख्येचे अंदाज मध्यंतरी बदलले आहेत, म्हणून हा आकडा २०१५ च्या शेजारी ठेवून ‘दोन कोटींनी वाढ’ असं म्हणणं चूक ठरेल. पण कल बरा नाही. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत पट वाढतो आहे, आणि त्याहून वेगाने मुलांची संख्या वाढते आहे.

शाळेत आलेली मुलं काय शिकतात, या प्रश्नाकडे जगाने बराच उशिरा लक्ष दिलं. पट मोजणं सोपं असतं; मुख्याध्यापक वही उघडून सांगतो. मुलाला वाचता येतं का हे बघायला त्याच्या शेजारी बसावं लागतं. भारतात ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी सुरू केली. तिचं साधन म्हणजे एक कागद. त्यावर चार तुकडे: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद, आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. पाहणी शाळेत होत नाही, घरी होते, कारण शाळेत गैरहजर असलेलं आणि शाळेत कधीच न गेलेलं मूल शाळेत सापडणार कसं? आधी परिच्छेद वाचायला देतात. अडखळत, एकेक शब्द जुळवत वाचला तर खाली शब्दांवर येतात. वाक्य वाक्यासारखं वाचलं तर पुढची गोष्ट देतात. पाच-दहा मिनिटांत मूल कुठे आहे ते कळतं.

जे कळतं ते झोप उडवणारं आहे. ग्रामीण भारतात ६ ते १४ वयाची ९८ टक्क्यांच्या आसपास मुलं पटावर आहेत. पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी निम्म्याच्या आसपास. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी हीच पद्धत घेतली आणि तिथेही असंच चित्र दिसलं. जागतिक बँकेचा अंदाज आहे की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत करोनाच्या आधीच दहा वर्षांच्या १०० मुलांपैकी ५७ जणांना साधा मजकूर समजून वाचता येत नव्हता. २०२० मध्ये १९० हून जास्त देशांत शाळा बंद झाल्या, १६० कोटी विद्यार्थी घरी बसले, आणि त्यानंतरचा अंदाज ७० वर गेला.

याची कारणं शिक्षकांच्या माथी मारणं सोपं आहे. पण युनेस्कोच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ४० टक्के लोकांना आपल्याला समजणाऱ्या भाषेत शिक्षणच मिळत नाही. सहा वर्षांच्या मुलाला अनोळखी अक्षरं अनोळखी भाषेत शिकवायची, आणि तो मागे पडला की त्याला ढ म्हणायचं, असा हा प्रकार. दुसरं कारण अभ्यासक्रमाचं: पुस्तक पुढे सरकत राहतं, तिसरीत न वाचणारं मूल चौथीत जातं, आणि तिथे त्याच्यासाठी कुणी थांबत नाही. मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे रोज थोडा वेळ वेगळं बसवलं तर काही महिन्यांत फरक दिसतो, हे भारतात आणि आफ्रिकेत मोजून झालं आहे. पैसाच सर्व काही नाही, हेही दिसलं. व्हिएतनाम २०१२ मध्ये पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्यांदा उतरला आणि गणितात श्रीमंत देशांच्या सरासरीच्या वर गेला.

श्रीमंत देशांनीही फार ताठ राहू नये. २०२३ च्या ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या प्रौढ कौशल्य पाहणीत सरासरी चारातला एक प्रौढ वाचनात सर्वांत खालच्या पातळीवर किंवा त्याच्याही खाली होता. ही माणसं जगाच्या साक्षरता तक्त्यात साक्षर म्हणूनच नोंदलेली असतात. छोटं वाक्य वाचता येतं. लांब सूचनापत्रातून हवी ती गोष्ट शोधता येत नाही.

मुलींचं काय झालं? प्राथमिक शाळेत जगाच्या सरासरीत मुलगे आणि मुली आता जवळपास बरोबरीत आहेत, ही गेल्या तीस-चाळीस वर्षांतली बहुधा सर्वांत मोठी कमाई. तरी निरक्षर प्रौढांमध्ये जवळपास दोन तृतीयांश बायका आहेत, आणि हे प्रमाण दशकानुदशकं हललेलं नाही. ज्या मुलींना सत्तर-ऐंशी साली शाळेत घातलं नाही, त्या आजच्या पन्नाशी-साठीतल्या निरक्षर बायका आहेत.

अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना सहावीच्या पुढे शिकायला बंदी आहे. सहावीपर्यंतच्या मुली अजून वाचायला शिकतात. त्या मोठ्या होऊन मोजणीत येतील, आणि त्यांच्या आधीच्या, कधीच शाळेत न गेलेल्या आज्या मोजणीतून जातील. त्यामुळे ही बंदी चालू असतानाही त्या देशातल्या बायकांचा साक्षरता दर आणखी काही वर्षं वाढताना दिसू शकतो, आणि ती वाढ कुणीतरी यश म्हणून दाखवेल.